तीस अँपिअरची दिवाळी

डिस्नी वर्ल्डमध्ये स्वतःचं घर घेऊन जाता येतं, असं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या मावशीला वाटलं मी फ्लोरिडात फ्लॅट घेतला. घर म्हणजे आरव्ही. पुढे ट्रकचं तोंड, मागे स्वयंपाकघर, पलंग, संडास-बाथरूम. ही गाडी नेऊन उभी करायची जागा म्हणजे फोर्ट विल्डरनेस. डिस्नी वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम या पार्कच्या बाजूला बे लेक नावाचं तळं आहे, त्याच्या काठाने पसरलेलं सुमारे साडेसातशे एकरांचं पाइन आणि सायप्रसचं रान. डिस्नी वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ला सुरू झालं आणि हे कॅम्पग्राउंड त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला. आठशेच्या आसपास जागा आहेत, शिवाय केबिन्स वेगळ्या. रस्ते गोल फिरून पुन्हा जागेवर येतात म्हणून त्यांना लूप म्हणतात. प्रत्येक लूपला शंभराच्या पटीतला नंबर, म्हणजे पत्ता सांगताना 'आम्ही नऊशेत' एवढं पुरतं.

आम्ही अटलांटाजवळ राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून आले होते, मुलं शाळेत जाणारी, आणि २०२४ची दिवाळी अशी आली की नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशी. मुलांना हॅलोविन सोडायचा नव्हता, आईंना पहिली अंघोळ सोडायची नव्हती. नवऱ्याने तोडगा काढला तो हा. त्याच्या तीनच आठवडे आधी मिल्टन चक्रीवादळाने फ्लोरिडा झोडपलं होतं आणि तेव्हा हे कॅम्पग्राउंडही रिकामं करायला लावलं होतं, त्यामुळे निघेपर्यंत जीव टांगणीला होता. पण आम्ही पोचलो तेव्हा मोडलेल्या फांद्याही उचलून झाल्या होत्या.

अटलांटाहून ऑर्लँडो साधारण साडेचारशे मैल. गाडीने सात तास, आरव्हीने नाश्ता-जेवण धरून दहा. भाड्याची आरव्ही चालवायला इथे वेगळा परवाना लागत नाही, हे बाबांना अजिबात पटलं नाही. "एसटीच्या ड्रायव्हरला बॅज लागतो आणि याला काही नाही?" असं म्हणून ते पुढच्या सीटवर बसले आणि जॉर्जिया संपेपर्यंत रस्त्यावरची नजर काढली नाही. गॅलनला आठ-दहा मैल पडतात. पेट्रोल भरताना मीटरकडे बघायचं नाही, असा आमच्यात करार आहे.

पोचल्यावर खरं काम सुरू होतं. आपल्या जागेवर डांबरी पट्टा, लाकडी टेबल-बाक, कोळशाची शेगडी आणि एक खांब असतो. त्या खांबातून वीज, शेजारी पाण्याचा नळ, जमिनीत सांडपाण्याचं तोंड. गाडी मागे घेऊन लावायची, चाकाखाली पिवळे ठोकळे सरकवून पातळी साधायची, मग जोडण्या. बाबांची उभी नोकरी वीज मंडळात गेली. इतका वेळ गप्प असलेला माणूस खांबाचं झाकण उघडताच बोलायला लागला.

आमच्या गाडीची वायर तीस अँपिअरची. इथे दाब १२० व्होल्ट, म्हणजे सगळं मिळून ३६०० वॅट. छतावरचा एसी साधारण दीड हजार खातो, मायक्रोवेव्ह जवळपास तेवढेच, पाण्याची किटली पुन्हा दीड हजार. तिन्ही एकदम लावले की खटका पडतो आणि घर अंधारात. बाबांनी पहिल्याच संध्याकाळी एका कागदावर वेळापत्रक लिहून फ्रिजच्या दाराला चिकटवलं: किटली लावताना एसी बंद, मायक्रोवेव्ह चालू असताना किटली नाही. खाली सही. आणि मग त्यांना तो शोध लागला, ज्याबद्दल ते अजून साताऱ्यातल्या कट्ट्यावर बोलत असतील. खांबावर तीसच्या शेजारी वीस अँपिअरचं वेगळं सॉकेट असतं, त्याला खटकाही वेगळा. म्हणजे इंडक्शनची शेगडी बाहेर टेबलावर ठेवायची, तिची वायर थेट खांबाला लावायची, घरातल्या लोडवर काही फरक नाही. आमचा स्वयंपाकाचा पेच त्याने सुटला. कारण आरव्हीत गॅस असतो, कुकर लागतो, भात-वरण होतं, पण फोडणी दिली की छतावरचा धुराचा अलार्म असा किंचाळतो की शेजारचे बाहेर येतात. पोहे, थालीपीठ, मिरचीचा ठेचा, सगळं पाइनच्या झाडाखाली. मोहरी तडतडली की पलीकडच्या लूपमधला कुत्रा भुंकायचा.

सांडपाण्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. गाडीखाली दोन टाक्या. संडासाची ती काळी, अंघोळीची-भांड्यांची ती करडी. खालच्या तोंडाला जाड पाइप जोडून त्या रिकाम्या करायच्या. आधी काळी, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. काळीची झडप रोज उघडी ठेवायची नाही, कारण पाणी निघून जातं आणि नको ते आत बसून राहतं. हातमोजे घालून हे काम नवरा करतो. आई तेवढ्या वेळात लूपला एक चक्कर मारून यायच्या आणि तो हात-पाय धुऊन कपडे बदलेपर्यंत त्याला चहा द्यायच्या नाहीत.

आता पहिल्या अंघोळीचं. आरव्हीतल्या गिझरमध्ये पाणी सहा गॅलन, म्हणजे आपली एक बादली आणि वर थोडं. सहा जणांना उटणं लावून त्यात काय होणार? पण प्रत्येक एक-दोन लूपमागे कम्फर्ट स्टेशन असतं: सार्वजनिक न्हाणीघरं, कपडे धुण्याची यंत्रं, बर्फाचं यंत्र. स्वच्छ असतं आणि गरम पाणी संपत नाही. पहाटे पाचला आम्ही निघालो. पुढे आई, हातात उटण्याची वाटी आणि मोती साबण, मागे पेंगुळलेली दोन मुलं, शेवटी बाबा टॉवेल खांद्यावर टाकून. आत एसी इतका जोरात की अंगाला तेल लावलेली धाकटी कुडकुडायला लागली. "हे बरंय, कार्तिकातली थंडी पैशाने विकत," आई म्हणाल्या. तेवढ्यात जॉगिंगचे कपडे घातलेली एक बाई आली. तिने वाटीकडे बघितलं, वास घेतला आणि विचारलं, हे चेहऱ्याला चालतं का? आईंनी तिच्या तळहातावर चमचाभर ठेवलं आणि दुधात कालवून लाव असं मराठीत सांगितलं. मी भाषांतर करेपर्यंत ती हो-हो करून निघूनही गेली.

कारीट अमेरिकेत कुठून आणायचं? थोरल्याने चेरी टोमॅटो सुचवला. गाडीच्या पायरीपाशी कागदाची ताटली ठेवून डाव्या अंगठ्याने चिरडला. बिया थेट बाबांच्या धुवट पायजम्यावर. मग ती ताटली लगेच पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. इथे प्राण्यांना मिळेल असं काही बाहेर टाकायचं नाही, हा नियम कडक आहे आणि योग्यही आहे. हरणं, ससे, रानटर्की तर दिसतातच, पण बाबांना भेटला आर्मडिलो. संध्याकाळी झुडपात खसखस झाली म्हणून ते वाकले, आणि धावत आत येऊन म्हणाले, "खवले मांजर!" दोन्ही चिलखतवाले, दोन्ही मुंग्या खाणारे, पण नात्याने एकमेकांचे कुणी नव्हेत. तळ्यात मगरींच्या पाट्या आहेत, पोहायला बंदी आहे. पाट्या शोभेच्या नाहीत.

मॅजिक किंगडमला जायला कॅम्पग्राउंडच्या धक्क्यावरून बोट सुटते. माझ्या मते पार्कातल्या निम्म्या खेळांपेक्षा ही फुकटची बोट चांगली. बे लेक नैसर्गिक, त्यापुढचं सेव्हन सीज लगून खोदलेलं. दोन्ही जिथे मिळतात तिथे बोट पुलावरून जाते आणि पुलाखालून मोटारींचा रस्ता. वर पाणी, खाली रस्ता हे बघून बाबा रेलिंगला चिकटले. मग त्यांना या जमिनीचा सातबारा हवा झाला. साठच्या दशकात डिस्नी कंपनीने वेगवेगळ्या नावांच्या कागदी कंपन्या काढून इथली दलदल आणि रान गुपचूप घेतलं, सगळं मिळून सत्तावीस हजार एकर, सरासरीने एकरी दोनशे डॉलरच्या आसपास. १९६५ साली बातमी फुटली आणि भाव आकाशाला भिडले. बाबा म्हणाले, "म्हणजे रिंगरोडसारखंच." खुद्द वॉल्ट डिस्नी डिसेंबर १९६६मध्ये गेला. पार्क उघडलेलं त्याने पाहिलंच नाही.

कॅम्पग्राउंडच्या आत आपली गाडी घेऊन हिंडता येत नाही, आत बस फिरते किंवा गोल्फ कार्ट भाड्याने घ्यायची. दिवसाचं भाडं शंभर डॉलरला टेकतं, पण आजी-आजोबा बरोबर असतील तर तिथे हात आखडता घेऊ नका. हॅलोविनच्या रात्री तर या कार्टनाच साज चढतो. भोपळ्यांची रथयात्रा म्हणा. कुणी कार्टचं चाच्यांचं जहाज केलेलं, कुणी कोळ्याचं जाळं. गाड्यांसमोर सांगाड्यांची अख्खी पंगत जेवायला बसलेली. आमच्या मांडवाला आकाशकंदील. पंधरा-वीस पोरांनी येऊन विचारलं, हा कुठला भोपळा?

मुलांना वाटायला दुकानातली बंद चॉकलेटंच ठेवली होती. हॅलोविनला अनोळखी घरचं सुटं खाणं मुलांच्या हातात द्यायचं नसतं, आई-बापांना ते आवडत नाही. फराळ दिला तो मोठ्यांना. शेजारी ओहायोहून आलेलं निवृत्त जोडपं होतं. घर विकून वर्षभर आरव्हीतच राहतात, थंडी आली की दक्षिणेला सरकतात. त्या आजोबांनी बिअरबरोबर चकली खाल्ली आणि पुन्हा मागितली. बेसनाचा लाडू मात्र त्यांना पीठ वाटला. आईंनी ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने डबा परत केला तो भोपळ्याचा केक भरून. मग आईंचं मत बदललं: "रीत आहे हो त्यांना."

चिप आणि डेल या डिस्नीच्या कार्टूनमधल्या दोन खारींबरोबर शेकोटीभोवती गाणी असतात, मग उघड्यावर सिनेमा, आणि काडीला मार्शमेलो लावून भाजायचं. शाकाहारी मंडळींनी सावध राहावं. नेहमीच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात, बहुतेक वेळा डुकराच्या. शाकाहारी मिळतात, अटलांटातून आणली होती.

रात्री सव्वादहाला मॅजिक किंगडमवर हॅलोविनचं फटाक्यांचं दारूकाम झालं. पार्कात त्या रात्री वेगळं महागडं तिकीट लागतं. आम्ही तळ्याकाठच्या वाळूत चटई टाकून फुकट बघितलं. आवाज पाण्यावरून थोडा उशिरा येतो. धाकटीने विचारलं, त्यांना कसं कळलं आपली दिवाळी आहे ते? तिला कुणी काही सांगितलं नाही. लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी गाडीतल्या जेवणाच्या टेबलावर. केरसुणी म्हणून भाड्याबरोबर मिळालेल्या प्लास्टिकच्या झाडूला हळद-कुंकू लावलं. परत देताना ते निघता निघेना.

हे स्वस्त पडतं का, असं हमखास विचारतात. नाही. हंगाम बघून जागेचेच रात्रीला शंभर-सव्वाशेपासून दोनशेच्या वर डॉलर जातात, त्यावर आरव्हीचं भाडं, पेट्रोल, गोल्फ कार्ट. साधं हॉटेल आणि विमान यात येऊ शकतं. दोघंच असाल तर मी हॉटेलच सांगेन. पण तीन पिढ्या बरोबर असल्या की पार्कात नेमकं काय बिघडतं ते आठवा. दुपारी दोनला मुलांना अजून तीन रांगा लावायच्या असतात, आजोबांचे गुडघे बोलायला लागतात, आजींना पिझ्झा नको असतो आणि सगळे एकमेकांवर उखडतात. इथे आई-बाबा बारालाच बोटीने परत यायचे. आमटी-भात जेवून, एसी लावून (किटली बंद ठेवून) झोपायचे. मुलं संध्याकाळी यायची, तोवर बाहेर थालिपीठं पडत असायची. कुणी कुणासाठी थांबलं नाही. ऑर्लँडोला आम्ही आधीही गेलो होतो, हॉटेलात राहून. त्या सहलींत बाबा न चिडता गेलेला दिवस मला आठवत नाही.

ज्यांचे आई-वडील पुढच्या वर्षी येणार आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. बुकिंग ४९९ दिवस आधी उघडतं. ऑक्टोबरअखेर, थँक्सगिव्हिंग आणि नाताळ यांच्या जागा फार लवकर संपतात, तेव्हा तारखा ठरल्या की लगेच घ्या, रद्द करणं नंतरही जमतं. आणि एवढी मोठी गाडी चालवायची धास्ती असेल तर चालवूच नका. ट्रेलर थेट कॅम्पसाइटवर आणून, पातळी साधून, वीज-पाणी जोडून देणारे भाडेवाले ऑर्लँडोत आहेत. तुम्ही साध्या मोटारीने या, आणि निघताना किल्ली ठेवून जा. काळी टाकीही तेच बघतात.