तात्पुरतं भागिवलंय

रविवार, रात्री

दाजी चहा पिऊन गेले. निघताना चपला घालता घालता पडवीच्या पन्हळीकडं मान वर करून बघितलं आणि म्हणाले, “तात्पुरतं भागिवलंय होय? बरं केलं. पावसाळा सरला की वेल्डिंग मारून घ्या.” एवढंच. बोलण्यात खोच नव्हती. दाजींच्या बोलण्यात ती कधीच नसते, म्हणून तर उलटून काही बोलताही येत नाही. भांडी आवरून झाली, मटकीला पाणी घालून झालं, तरी ते ‘तात्पुरतं’ काही डोक्यातनं जाईना.

वाईट केलंय म्हणाले असते तर चाललं असतं. काय वाईट आहे ते विचारता आलं असतं. तात्पुरतं म्हटलं की काम मोजलंच जात नाही.

तर मोजूया, पन्हळीचा हा सांधा.

पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा, जस्त चढवलेला. जुना तुकडा आणि नवा तुकडा एकमेकांवर चार सेंटिमीटर चढवलेले. पाणी ज्या बाजूनं येतं तो तुकडा आत, जिकडं जातं तो त्याच्या खाली. म्हणजे धार सांध्याच्या फटीत न शिरता कडेवरनं पुढं जाते. हे उलटं झालं तर सिलिकॉनची अख्खी ट्यूब रिकामी केली तरी ठिबकणारच. मधे सिलिकॉनच्या दोन रेघा आणि दर अडीच सेंटिमीटरला 3.2 मिलिमीटरचं ॲल्युमिनियमचं रिपीट, म्हणजे रिव्हेट. पत्र्याच्या कडेपासून भोक निदान रिपीटच्या जाडीच्या दुप्पट आत हवं, म्हणजे साडेसहा मिलिमीटर. इथं नऊ ठेवलंय. भोक कडेला चिकटून पडलं की ओढ आल्यावर पत्राच भोकापासून कडेपर्यंत फाटतो आणि रिपीट शाबूत लोंबत राहतं. तीन मीटरच्या लांबीला दोन सेंटिमीटर उतार, पाण्याची बाटली आडवी धरून नव्हे, लेव्हल ट्यूबनं (पाणी भरलेल्या लांब नळीनं) घेतलेला.

आता ह्याला वेल्डिंग कसं करायचं, ते दाजींनीच सांगावं. इतक्या पातळ पत्र्याला साधा रॉड टेकला की सांधा व्हायच्या आधी भोक पडतं. शिवाय जस्त. ते 420 अंशांना वितळतं, 907 ला उकळून उडून जातं, आणि पोलाद वितळायला दीड हजाराच्या आसपास जावं लागतं. म्हणजे सांधा होईतोवर आजूबाजूचं जस्त धूर होऊन गेलेलं. तो पांढरा धूर छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला पहिल्याच पावसात तांबेरा धरतो. जुनी माणसं अशा सांध्याला कथलाचा डाग देत. तो चांगलाच, पण जुन्या, मळक्या, गंजट पत्र्यावर कथील धरत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हे माहीत नसेल असं कसं म्हणू. त्यांनी एवढं बघितलंच नसेल. चहा पिऊन निघालेलं माणूस किती बघणार.

नट-बोल्ट का नाही, हे तरी विचारायचं. पन्हळीची मागची बाजू भिंतीला लागून आहे, दोन बोटांची फट. मागं पाना जात नाही, नट धरायला बोट जात नाही. पॉप रिपीट निघालंच ते अशा जागांसाठी. 1920च्या दशकात ब्रिटनमध्ये हॅमिल्टन नील वायली नावाच्या माणसानं विमानांच्या कामासाठी ही युक्ती पक्की केली: समोरच्या तोंडाला पसरट टोपी असलेली एक पोकळ नळी, तिच्या आरपार डोकं असलेला खिळा. समोरनं खिळा ओढायचा, मागं डोकं नळीत घुसून तिला फुगवतं, आणि ठरावीक ओढीला खिळा आपल्या खाचेवर तुटतो. सगळं एका बाजूनं.

ओढण्याच्या कामात खिळा ओढणाऱ्या गनचं श्रेय थोडं आणि बाकीच्या तयारीचं जास्त. गनबरोबर चार नोजल, म्हणजे पुढची तोंडं, येतात, 2.4, 3.2, 4 आणि 4.8 चे. खिळा जेमतेम सरकेल तेच लावायचं. मोठं नोजल राहिलं तर रिपीटच्या टोपीला आधार मिळत नाही, ती वाकडी होऊन मधेच उचलते. भोक 3.2 च्या रिपीटला 3.3 चं, 4 ला 4.1 चं. ड्रिलचा साडेतीनचा बिट हाताशी आहे म्हणून तोच फिरवला तर नळी भोकात सैल बसते, भरत नाही, आणि पुढं वाऱ्यानं पत्रा हलला की भोक आणखी मोठं होत जातं. लांबीचा हिशेब सोपा आहे: दोन्ही पत्र्यांची जाडी, अधिक रिपीटच्या जाडीची दीडपट. एक मिलिमीटर आणि 4.8 मिळून 5.8, म्हणजे 6 ची लांबी. दुकानात 6 नसलं की “12 चं न्या, लांब असलेलं बरं” म्हणून पुडी पुढं सरकवतात. नाही बरं. लांब नळी पत्र्याला भिडायच्या आधीच मागं चोळामोळा होते, खिळा वेळेवर तुटतो, टक वाजतं, आणि सांधा सैलच. आखूड पडली तर मागं फुगायला मालच उरत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दोन पत्र्यांमधली फट. ड्रिल आरपार गेलं की भोकाच्या मागच्या काठाला बर, म्हणजे पत्र्याची उचललेली धार, राहते, अगदी बारीक, बोट फिरवलं की कळते. ती तशीच ठेवून पत्रे एकमेकांवर ठेवले तर मधे कागदाएवढी फट राहते, आणि नळी पत्र्याच्या मागं फुगायच्या ऐवजी त्या फटीतच फुगते. मग ती दोन पत्र्यांना जवळ आणण्याऐवजी कायमची लांब धरून ठेवते. वरनं टोपी झकास दिसते. म्हणून भोकं पाडून पत्रे परत वेगळे करायचे, 8 चा बिट हातात धरून प्रत्येक भोकावर दोन वळसे द्यायचे, कीस पुसायचा, मग सिलिकॉन. आणि सगळी भोकं एकदम पाडून मोकळं व्हायचं नाही. दोन टोकांची आधी, त्यांत तात्पुरते बारीक बोल्ट (हे मात्र खरंच तात्पुरते) घालून आवळायचे, मग मधली.

मारताना गन पत्र्याला काटकोनात, आणि हँडल दाबायच्या आधी दुसऱ्या हातानं नोजल टोपीवर घट्ट रेटून. दाबतानाही रेटा सोडायचा नाही. एका दाबात खिळा तुटत नाही. हँडल उघडायचं, गन खाली सरकवून खिळा परत पकडायचा, परत दाब. 3.2 ला हे हाताला काहीच नाही. 4.8 चं स्टीलचं असेल तर दोन्ही हातांनी छातीपर्यंत जोर लावावा लागतो, त्याला लांब दांड्यांची गन हवी. खिळा पकडीतनं घसरायला लागला की जोर वाढवून उपयोग नाही, गनच्या आतल्या जबड्याच्या दात्यांत धातूची भुकटी बसलेली असते. नोजलच्या मागची नळी उघडायची, जबडे काढून रॉकेलमध्ये ब्रश मारायचा, तेलाचा एक थेंब. तुटलेले खिळे दर वेळी गन उलटी करून डब्यात. अनवाणी पायांना ते कुसळासारखे टोचतात आणि केरात सापडत नाहीत.

हे सगळं त्या सांध्यात आहे. खालनं मात्र दिसतात नुसत्या टोप्या.

मला वाटतं लागलं ते हेच. वेल्डिंगला उजेड असतो, आवाज असतो, गल्लीतली पोरं डोळे दिपवून घ्यायला गोळा होतात. भिंतीला मशीन लावलं की शेजारी विचारतात काय चाललंय. रिपीटला एक टक, तीही घरातल्या टीव्हीत बुडून जाते. ह्या गावात ओतीव काम, लेथ, फॅब्रिकेशन असल्याशिवाय कामाला काम म्हणत नाहीत, आणि परसात स्टुलावर चढून हातानं दाबलेल्या गोष्टीला कोण विचारतो. त्यातही स्टुलावर कोण चढलं होतं, ते दाजींनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. जाऊ दे.

पण रंकाळा स्टँडवर उभी राहायची ती जुनी एसटी आठवा. अंगभर ॲल्युमिनियमचे पत्रे आणि त्यांवर ओळीनं रिपीटं. गगनबावड्याचा घाट चढून उतरून यायची, आषाढात दिवसभर भिजायची. तात्पुरती आहे म्हणून तिकीट परत मागितलेलं कुणी ऐकलं नाही.

तरी एक कबूल करायला हवं, इथं कुणी ऐकत नाहीय तर. पॉप रिपीट मुळात पोकळ असतं. खिळा तुटून गेला की टोपीच्या मधोमध भोक राहतं, आणि त्यातनं पाणी थेंब थेंब उतरतं. बंद तोंडाची रिपीटं येतात, ती पाण्याला चालतात, पण ती सगळीकडं सुट्टी मिळत नाहीत. साधी वापरली तर प्रत्येक टोपीवर सिलिकॉनचा टिपका द्यावा लागतो. आणि नळी ॲल्युमिनियमची असली तरी खिळा लोखंडी. त्याचं डोकं आत अडकून राहतं, ओलीनं गंजतं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात टोपीखालनं तांबूस ओघळ भिंतीच्या चुन्यावर उतरतो. ओघळ दिसला म्हणजे सांधा गेला असं नव्हे, पण पाहुणा ओघळच बघतो. स्टेनलेसच्या पत्र्याला तर ॲल्युमिनियमचं रिपीट मारूच नये. ओल धरली की दोन धातूंत विजेचा खेळ सुरू होतो आणि मोठ्या स्टेनलेसपुढं बारकं ॲल्युमिनियम आधी खलास होतं. जस्ताच्या पत्र्याशी त्याचं जमतं.

म्हणजे तात्पुरतं म्हटलं तर तात्पुरतं आहेही. काढताना तर उपकारच. उरलेला खिळा बारीक पंचनं मागं ठोकून पाडायचा, मग 3.2 चाच बिट टोपीच्या मधोमध लावून हळू फिरवायचा. टोपी बिटला अडकून निघून येते, उरलेली नळी पंचनं मागं ढकलायची, पत्र्याला ओरखडाही नाही. रिपीट बिटबरोबर गरगर फिरायला लागलं तर टोपीला पक्कडीनं कडेनं धरायचं, नाहीतर बिट घसरून भोकाचा आकार जातो. आणि गेलाच तर पुढचं 4 चं रिपीट आहेच की. वेल्डिंगचा तुकडा कापायला ग्राइंडर आणि अर्धं गाव लागतं. सोडवता येणाऱ्या गोष्टीला कुणी कच्चं म्हटलं तर म्हणू दे बापडं.

आणि जिथं दाजी बरोबर आहेत तिथं आहेतच. पन्हळ धरणाऱ्या पट्ट्या. तिथं साडेतीन मिलिमीटरची एकूण जाडी, म्हणून 4 चं, 10 लांबीचं रिपीट मारता आलं असतं, पत्र्याच्या बाजूनं मागं वायसरही घालता आला असता. पण रिपीट आडव्या सरकण्याला टिकतं, सरळ खाली उपसणाऱ्या ओझ्याला तेवढं नाही, आणि पन्हळ तुंबून भरली की तीन मीटरला बादल्यांनी पाणी लटकतं. शिडीची पायरी, कुकरचा दांडा, गॅसची शेगडी, ह्यांतही गन घेऊन जायचं नाही. कढईचा कान तर नाहीच. तिला भरीव रिपीट लागतं, दोन्ही बाजूंनी ठोकून बसवलेलं, नाहीतर तेल त्या भोकातनं थेट ज्योतीवर.

पट्ट्यांना बाहेरच्या बाजूनं पाना जातो. तर उद्या लक्ष्मीपुरीतनं 6 मिलिमीटरचे जस्ताचे बोल्ट, वीस लांबीचे, नायलॉनच्या नटांसह, प्रत्येकी दोन वायसर. पट्ट्यांची जुनी भोकं साडेसहाला मोठी करून घ्यायची. टोप्यांवरचे सिलिकॉनचे टिपके आधी द्यायला हवेत, त्यांना वाळायला एक अख्खा कोरडा दिवस लागतो, आणि मृग दारात आहे.