मित्र गेल्यावर त्याचा अल्बम पुरा केला, माझा अनुभव

हार्ड डिस्क मला साडीच्या दुकानाच्या पिशवीत मिळाली. तेराव्यानंतर साधारण महिन्याने त्याची बहीण घेऊन आली आणि म्हणाली दादा ह्यात काय काय आहे ते तूच बघ, आम्हाला उघडता येत नाही. मी म्हटलं बघतो. पुढचे चार महिने ती पिशवी माझ्या कपाटात तशीच होती, गाठसुद्धा सोडली नव्हती.

त्याचं आणि अल्बमचं नाव इथे लिहीत नाही, घरच्यांना ते जाहिरात केल्यासारखं वाटतं. कल्याण पूर्वेला वन रूम किचन, दिवसा गोडाऊनमधे नोकरी आणि रात्री हेडफोन लावून बीट्स, म्हणजे कम्प्युटरवर बनवलेलं संगीत. २९ वर्षांचा होता. पावसात बाईक घसरली, त्याबद्दल एवढंच.

डिस्क उघडली तर आत २१४ प्रोजेक्ट, सगळे एफएल स्टुडिओ ह्या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरचे. नावं म्हणजे "नवीन ३", "फायनल", "फायनल खरं", आणि अकरा फाईल्सचं नाव "आई झोपली", पुढे नुसते आकडे. निम्म्याहून जास्त उघडले पण वाजेनात, कारण सॅम्पल्स, म्हणजे बीटमधे वापरलेले आवाजाचे तुकडे, होते जुन्या लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर आणि तो लॅपटॉप त्याने विकून टाकलेला, आणि प्लगइन्स, म्हणजे वाद्यांची आणि इफेक्ट्सची जोड-सॉफ्टवेअर्स, होते क्रॅक केलेले जे माझ्याकडे नव्हतेच. सॅम्पल सापडलं नाही की तो चॅनल मुका होतो, ड्रम वाजतोय आणि वर काहीच नाही, रात्री दोन वाजता एकट्याने ते ऐकणं फार वाईट. बीट्स करणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगतो, काम झालं की प्रोजेक्ट झिप्ड लूप पॅकेज म्हणून सेव्ह करा म्हणजे सॅम्पल्स सोबत जातात, आणि चॅनल्स वेगवेगळे करून वेव्ह फाईल्स काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

वाचवलं व्हॉट्सॲपने. तो मला काहीही केलं की पाठवायचा, पहाटे तीनला, सोबत एकच शब्द, "बघ". मी आमचं तीन वर्षांचं चॅट वर वर जाऊन सगळे ऑडिओ उतरवले. त्यांचा दर्जा रिलीज करण्यासारखा नाही, पण नकाशा म्हणून सोन्यासारखे, कारण त्याला गाणं कसं ऐकू येत होतं ते त्यात कळतं, कुठे बेस थांबतो, कुठे सगळं बंद करून एक खंजिरी राहते. २१४ मधून चॅटमधे आलेले ४० निघाले, त्यातले त्याने दोनदा तीनदा सुधारून पाठवलेले नऊ. हे नऊ म्हणजे अल्बम, असं मी आणि बहिणीने ठरवलं. चूक असेल तर आमची.

आम्ही दोघं "जे डिला"चे वेडे. माहीत नसेल त्यांच्यासाठी, खरं नाव जेम्स यान्सी, डेट्रॉइटचा हिप-हॉप प्रोड्यूसर, म्हणजे बीट्स बनवणारा, ७ फेब्रुवारी १९७४ चा जन्म. रक्ताचा एक दुर्मिळ आजार आणि वर ल्युपस. ३२ व्या वाढदिवसाला त्याचा "डोनट्स" अल्बम बाहेर आला आणि तीन दिवसांनी, १० फेब्रुवारी २००६ ला, तो गेला. त्याचा "द शायनिंग" नावाचा दुसरा अल्बम तेव्हा साधारण ७५ टक्के झालेला होता, तो त्याचा डेट्रॉइटचाच मित्र, ड्रमर करीम रिगिन्स ह्याने पुरा केला आणि ऑगस्टमधे आला. सहा महिन्यांत! मला दीड वर्ष लागलं. पण फरक असा की डिला कित्येक महिने आजारी होता आणि तरी काम करत होता, रिगिन्सला त्याच्या डोक्यात काय चाललंय ते त्याच्याकडूनच ऐकता आलं असणार. माझं प्रकरण नुजाबेससारखं. तो टोकियोचा प्रोड्यूसर, खरं नाव जुन सेबा, जपानी पद्धतीने आडनाव आधी म्हणजे सेबा जुन, ते इंग्रजी अक्षरांत उलटं लिहिलं की नुजाबेस, आणि जन्मतारीख बघा, तीच, ७ फेब्रुवारी १९७४. फेब्रुवारी २०१० मधे रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याचा "स्पिरिच्युअल स्टेट" त्याच्याच लेबलवर डिसेंबर २०११ मधे आला. अचानक गेलेला माणूस काही सांगून जात नाही, मागे राहिलेल्याने अंदाजच करायचा.

आणि अंदाज कुठे फसतो ते सांगतो. माझ्या मित्राचा स्नेअर, म्हणजे ड्रमचा तो कडक ठोका, उशिरा पडायचा. आता डिलाच्या नादी लागलेला प्रत्येक पोरगा ड्रम असे सैल ठेवतो, डिला एमपीसी ३००० ह्या ड्रम मशीनच्या पॅडवर बोटांनी वाजवायचा आणि मशीनला टाइम सरळ करू द्यायचा नाही, ती मशीन आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तर मी धरून चाललो की हा पण स्टाइल मारतोय. पण जुन्या प्रोजेक्ट्समधे झूम करून बघितलं तर स्नेअर सगळीकडे एकसारखाच उशिरा, प्रत्येक ठोका तेवढाच, स्टाइल अशी मोजून मापून नसते. मग लक्षात आलं की हा त्याच्या जुन्या लॅपटॉपचा उशीर आहे, बोट पॅडवर पडतंय आत्ता आणि मशीन लिहून घेतंय नंतर. म्हटलं चला, सरळ करून टाकू. दोन गाणी सरळ केली पण. मग नवीन लॅपटॉपवरची, ऑडिओ इंटरफेस घेतल्यानंतरची गाणी उघडली, तिथे तो उशीर असायलाच नको होता, आणि तरी स्नेअर उशिरा, पण ह्यावेळी प्रत्येक ठोका वेगळा, काही थोडे, काही खूप, काही तर पुढे. म्हणजे ह्याने ते माउसने एकेक ओढून ठेवले होते. आधी लॅपटॉपने चूक केली, ह्याला ती आवडली, आणि मशीन सुधारल्यावर तो ती हाताने करत बसला. सरळ केलेली दोन्ही गाणी मी परत होती तशी केली आणि त्या रात्री काम बंद केलं.

सॅम्पल्सचं लफडं वेगळंच. एका बीटचा जीव म्हणजे जुन्या लावणीच्या रेकॉर्डमधला चार सेकंदांचा तुकडा, रेकॉर्ड त्याने चोर बाजारातून आणलेली, लेबलवर साल १९७१. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे हे २०३१ संपेपर्यंत बांधलेलं, शिवाय गाण्याच्या शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो कवी आणि संगीतकार गेल्यानंतरही ६० वर्षं. "चार सेकंद चालतात", "सात सेकंद चालतात" हे जे सगळे सांगतात ना, असा काही नियम नाहीये. परवानगीसाठी एका कंपनीला तीन मेल टाकले, उत्तर नाही. तोपर्यंत डिस्कमधे "गाव" नावाचं फोल्डर सापडलं, त्यात त्याने जत्रेत मोबाईलवर रेकॉर्ड केलेली हलगी, सोळा मिनिटं, मधेमधे कोणीतरी "ए बाजूला हो" ओरडतंय. लावणी काढली, हलगी टाकली. गाणं आधीचं जास्त चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, दारात नोटीस यायला नको.

रॅपचं मात्र पटकन मिटलं. दोन गाण्यांत कडव्याची जागा मोकळी सोडलेली होती, चार-पाच पोरं म्हणाली आम्ही त्याच्यावर लिहितो. मी सगळ्यांना नाही म्हटलं. ज्या बीटला तो ट्रॅफिकवरचं गाणं म्हणायचा त्यावर "भावा तू कुठे गेलास" कसं चालेल? उल्हासनगरच्या एकाने त्याच्यासोबत बसून लिहिलेलं जुनं कडवं होतं, तेवढं घेतलं, दुसरी जागा मोकळीच ठेवली. बाकी सगळं इन्स्ट्रुमेंटल.

आता काकूंची गोष्ट. काकू घरी साड्यांना फॉल-पिको करतात, आणि त्याने माइकवर घेतलेल्या प्रत्येक गोष्टीत मागे ती शिलाई मशीन आहे, टर्रर करून जाते, थांबते, परत. मला वाटलं हे तर ठेवायलाच हवं, आईची मशीन मुलाच्या अल्बममधे, मी तर मनात फार हळवा झालो होतो. दोन व्हर्जन घेऊन गेलो, एक मशीनवालं, एक साफ केलेलं. काकूंनी दोन्ही शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मशीन काढलंस ते बरं केलंस बाबा, त्यापायी तो रोज माझ्यावर ओरडायचा, आई दोन मिनिटं थांब गं, आई दोन मिनिटं थांब." मी गप्प. झालं, मशीन काढली. फक्त एका गाण्यात ठेवली कारण तिथे तो स्वतः मशीनच्या आवाजात आवाज मिळवून गुणगुणतोय, ते काढलं तर गुणगुणणं पण जातं. काकूंना ते ऐकवलं तेव्हा त्या उठून चहा टाकायला गेल्या.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. गाणी करणारा गेला की हक्क आपोआप वारसांकडे जातात, पण वारस कोण? वकिलांनी सांगितलं की हिंदू वारसा कायद्यात अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गात आई येते, वडील दुसऱ्या वर्गात. म्हणजे सगळं काकूंच्या नावे. काका जरा दुखावले, बोलले नाहीत पण कळलं. डिलाच्या बाबतीत तर फार वाईट झालं होतं, मागे टॅक्सची देणी, इस्टेट वकिलांच्या हातात, आणि सख्ख्या आईला, मॉरीन यान्सींना, मुलाच्या संगीताबद्दल कित्येक वर्षं काही ठरवता येत नव्हतं. ते वाचलेलं असल्यामुळे मी आधीच काकूंची सही असलेला साधा करार करून घेतला की मी फक्त काम पुरं करणार, माझा हिस्सा शून्य. मित्र म्हणाले एवढं कशाला लिहायचं. लिहायचं.

सगळ्यात जास्त छळलं ते ओटीपीने. त्याची दोन जुनी गाणी आधीच ऑनलाइन होती, ऐकणारे त्या अकाउंटला जोडलेले, नवीन अल्बम तिथेच जायला हवा होता, आणि लॉगिनचा ओटीपी जातो त्याच्या नंबरवर. नंबर बरेच दिवस वापरला नाही तर कंपनी बंद करते आणि नंतर दुसऱ्या कोणालातरी देऊन टाकते. बहिणीने पहिल्याच महिन्यात ते सिम तिच्या जुन्या फोनमधे टाकून रिचार्ज मारून ठेवलं होतं, कोणीही न सांगता. मी विचारलं का गं, तर म्हणाली माहीत नाही, बंद होऊ द्यावंसं वाटलं नाही. त्यामुळे आमचं काम झालं. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणी ऑनलाइन पोहोचवणारी कंपनी, निवडताना मी वर्षाची फी घेणारा नको म्हटलं, कारण त्यातल्या काहींची फी भरायची राहिली की गाणी खाली उतरतात, कमिशन कापणारा घेतला, काकूंनी दरवर्षी कुठे लक्षात ठेवायचं.

नावांच्या रकान्यात प्रोड्यूसर म्हणून तो एकटा. माझं नाव मिक्समधे आहे. "अपूर्ण काम पूर्ण केले" असं काहीतरी लिहिणार होतो पण त्या फॉर्ममधे तसा पर्यायच नाही, आणि मी नक्की काय पूर्ण केलं हे मला पण धड सांगता येत नाही. मास्टरिंग, म्हणजे शेवटचा आवाज बसवायचं काम, पुण्याच्या एका ओळखीच्याने फुकट केलं, त्याला एकच सांगितलं की आवाज फार दाबू नकोस, उशिरा पडणारा स्नेअर दाबला की चूक वाटतो.

अल्बम रात्री बाराला आला. आम्ही तिघं त्याच्या खोलीत, काका झोपलेले, म्हणून ऐकला तो पण हेडफोनवरच, एकेक करून. शेवटचं गाणं "आई झोपली ७", नाव बदललं नाही. त्या वेळी काकू जाग्या होत्या.

पहिलं स्टेटमेंट आलं, ४१२ रुपये. पैसे काढायला जी किमान रक्कम लागते ती अजून झाली नाहीये. झाली की परत ओटीपी लागणार, म्हणून सिम चालूच आहे, पुढचं रिचार्ज १९ तारखेला.