चारशेव्या सेव्हची नव्वद शब्दांची बातमी

14 ऑक्टोबर 2023 रोजी अहमदाबादला विश्वचषकातील भारत-पाकिस्तान सामना होता आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना असल्यामुळे आमच्या क्रीडा पानांची बरीचशी जागा जाहिरातींनी आधीच व्यापलेली होती. अशा शनिवारी मी दक्षिण कोरियातील देगू शहरातील एका बेसबॉल सामन्याच्या बातमीसाठी जागा मागत होतो. सॅमसंग लायन्सच्या 41 वर्षांच्या ओह सुंग-ह्वानने कोरियन लीगमधील आपला 400 वा सेव्ह नोंदवला होता आणि त्या लीगमध्ये तिथवर पोहोचलेला तो पहिलाच पिचर (बेसबॉलमधील गोलंदाज) होता.

"अरे, आज बेसबॉल कोण वाचणार? तिकडे पाकिस्तानची पडझड बघ," असे क्रीडा संपादक म्हणाले. पडझड खरोखरच पाहण्यासारखी होती, कारण 2 बाद 155 वरून त्यांचा संपूर्ण संघ 191 धावांत आटोपला होता. "सर, शेवटी पडझड होऊ द्यायची नाही, याच कामाचा हा विक्रम आहे," असे मी म्हटल्यावर ते हसले आणि त्यांनी सिंगल कॉलममध्ये नव्वद शब्द दिले.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. क्रिकेटच्या वाचकाला सेव्ह समजावायचा तर तेवढ्यातच निम्मे शब्द खर्च होतात. संघ थोडक्या आघाडीवर असताना, म्हणजे साधारणपणे तीन किंवा त्याहून कमी रनांच्या फरकाने पुढे असताना, अखेरच्या इनिंगमध्ये येऊन ती आघाडी शेवटपर्यंत टिकवणाऱ्या पिचरच्या नावावर सेव्ह लागतो. विजय मात्र दुसऱ्याच पिचरच्या खात्यात जमा होतो. ज्या कामात यश आले तर काहीच घडत नाही आणि अपयश आले तर साऱ्या स्टेडियमला दिसते, ते काम या माणसाने 2005 पासून केले, आणि तेही चेहऱ्यावरची रेषा न हलवता, म्हणून कोरियन चाहते त्याला 'दगडी बुद्ध' म्हणतात. देगूच्या मैदानात तो नवव्या, म्हणजे अखेरच्या इनिंगसाठी निघाला की घंटेचा आवाज घुमायचा आणि प्रेक्षक उठून उभे राहायचे.

कारकीर्द एका वाक्यात बसवायची होती. 2006 आणि 2011 मध्ये प्रत्येकी 47 सेव्ह, मग जपानच्या हानशिन टायगर्सकडून दोन हंगामांत 80, त्यानंतर सेंट लुईस, टोरांटो आणि कोलोरॅडो या संघांकडून मिळून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये 42, आणि शेवटी पुन्हा देगू. माझ्या मते याहून बोलकी गोष्ट त्याच वर्षीच्या मे महिन्यातली होती. लय हरवल्यामुळे संघाने त्याला कोरियन लीगमधील कारकिर्दीत प्रथमच सामन्याच्या सुरुवातीला पिचिंग करायला लावले, आणि एरवी एकच इनिंग टाकणाऱ्या या माणसाने पाच इनिंग टाकल्या. चाळिशी ओलांडलेल्या विक्रमवीराने हे मुकाट्याने स्वीकारले, आणि तोच हंगाम त्याने 30 सेव्हवर संपवला. चारशेवा हा त्यातलाच शेवटचा.

जुगाराच्या प्रकरणावर मात्र आमचा थोडा वाद झाला. मकाऊतील जुगाराबद्दल त्याला दंड झाला होता आणि मायदेशी परतल्यावर 72 सामन्यांची बंदीही भोगावी लागली होती. "आनंदाच्या बातमीत हे कशाला?" असे शेजारच्या सहकाऱ्याचे म्हणणे होते. मी ते ठेवले, आणि त्यासाठी सेंट लुईसमधील 2016 च्या मोसमातील 103 स्ट्राइकआउटचा, म्हणजे तीन स्ट्राइक देऊन बाद केलेल्या फलंदाजांचा, उल्लेख काढला. बंदीमुळे गेलेले सामने सांगितल्याशिवाय चारशे या आकड्याचे वजन कळत नाही, असे मला आजही वाटते. रोहित शर्माच्या 86 धावांच्या मोठ्या छायाचित्राखाली, पितळी भांड्यांच्या जाहिरातीला चिकटून ती बातमी बसली आणि पान वेळेत सुटले.

30 सप्टेंबर 2025 रोजी देगूमध्ये त्याचा निरोपाचा सामना झाला. नवव्या इनिंगमध्ये त्याच्यासमोर एकच फलंदाज आला, एकेकाळचा संघसहकारी चोई ह्यंग-वू, आणि त्याला त्याने स्ट्राइकआउट केले. 21 क्रमांकाची जर्सीही क्लबने निवृत्त केली. ती बातमीही मीच लिहिली. त्यात तिन्ही देशांच्या लीगमधील एकूण सेव्ह 549 असे दिले होते, त्यावर मुद्रितशोधकाने आकड्याभोवती गोल करून समासात विचारले, "550 हवे का?" नको होते. त्या अखेरच्या हंगामात त्याला एकही सेव्ह मिळाला नव्हता.