आमची वाटचाल, आणि पुढच्या गेमिंग लॅपटॉपकडून आमच्या अपेक्षा

नाशिकच्या कॉलेज रोड परिसरात आमचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवातीची कामं साधी होती: विंडोज टाकणं, रॅम वाढवणं, फुटलेला स्क्रीन बदलणं. आता टेबलावर गेमिंग लॅपटॉप जास्त असतात, आणि ते सगळे खेळणाऱ्या मुलांचे नसतात. आर्किटेक्चरचे विद्यार्थी रेंडरिंगसाठी घेतात, सातपूर-अंबडचे डाय-मोल्ड डिझायनर थ्रीडी ड्रॉइंगसाठी घेतात, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारेही हेच घेतात. दुकानात आलेलं प्रत्येक नवं हत्यार आणि बदललेली प्रत्येक पद्धत या लॅपटॉपांच्या रचनेतल्या एखाद्या बदलामुळे आली. त्यामुळे आमची वाटचाल त्यांच्या पोटातूनच सांगावी लागते, आणि पुढच्या लॅपटॉपमध्ये काय हवं हेही तिथेच कळतं.

सर्वांत मोठा बदल ग्राफिक्सचा. भारी गेमिंग लॅपटॉपमध्ये पूर्वी ग्राफिक्स चिप एमएक्सएम नावाच्या वेगळ्या कार्डावर असायची. हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) काढला, कार्डाचे स्क्रू सोडवले, की कार्ड रॅमसारखं तिरपं होऊन हातात यायचं. २०१६ मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिका लॅपटॉपमध्ये आली, २०१७ मध्ये मॅक्स-क्यू या नावाने पातळ गेमिंग लॅपटॉप सुरू झाले, आणि ही कार्डं बाजारातून सरत गेली. चिप थेट मदरबोर्डावर बसली. तेव्हापासून ग्राफिक्स गेलं म्हणजे प्रोसेसरसकट अख्खा बोर्ड गेला, आणि नव्या बोर्डाची किंमत लॅपटॉपच्या निम्म्याच्या वर जाते.

म्हणून आम्हाला चिप लेव्हलच्या कामात उतरावं लागलं. ग्राफिक्सच्या चिपखाली शिशाविरहित सोल्डरचे शेकडो बारीक गोळे असतात. हे सोल्डर २१७ अंशांना वितळतं, जुनं शिशाचं १८३ ला वितळायचं. वरून गरम हवा आणि खालून प्रीहीटर, दोन्ही लागतात. एकाच बाजूने तापवलं की बोर्ड पापडासारखा वाकतो. बोर्ड नुसता भाजून ‘चालू करून देणं’ आम्ही केव्हाच बंद केलं. दोष बहुतेक वेळा चिपच्या आतल्या जोडणीत असतो; उष्णतेने ती काही आठवडे टेकते आणि पुन्हा सुटते. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि बोर्डावर पुढे काम करणंही अवघड होतं.

मात्र ‘ग्राफिक्स गेलं’ म्हणून आलेल्या प्रत्येक बोर्डाची चिप मेलेली नसते. कुठल्यातरी पुरवठा लाइनवरचा एखादा सिरॅमिक कपॅसिटर किंवा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) शॉर्ट झालेला असतो. आधी मल्टिमीटरने कोणती लाइन ग्राउंडला, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टला, शॉर्ट झाली आहे ते पाहायचं. मग डीसी सप्लायवरून (हवं तेवढं व्होल्टेज देणारं यंत्र) त्या लाइनला तिच्या मूळ व्होल्टेजपेक्षा कमी, साधारण १ व्होल्ट द्यायचे, करंट हळूहळू वाढवायचा आणि थर्मल कॅमेऱ्यात कुठे ठिपका पेटतो ते बघायचं. कॅमेरा नसेल तर बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायचं, ते जिथे सर्वांत आधी सुकतं तिथे दोष. पण मुख्य १९ व्होल्ट लाइन आणि चिपचा पुरवठा यांच्यामधला मॉसफेट आरपार शॉर्ट असेल, तर १९ व्होल्ट थेट चिपमध्ये घुसलेले असतात. मग उरत नाही काही.

तेव्हा आमची पहिली अपेक्षा: ग्राफिक्स पुन्हा सुटं करा. हे अशक्य नाही. फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपचं ग्राफिक्स मॉड्यूल मागून निघतं, आणि २०२५ मध्ये त्याच लॅपटॉपसाठी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७० चिपचं मॉड्यूलही आलं. सुटं करणं जमत नसेल तर निदान ऑक्युलिंक किंवा थंडरबोल्ट ५ चं पोर्ट द्या. दोन्हींतून बाहेरच्या ग्राफिक्स कार्डाला पीसीआयई ४.० या डेटामार्गाच्या चार लेन, म्हणजे सेकंदाला ६४ गिगाबिट मिळतात. आतली चिप म्हातारी झाली तरी प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड आणखी चार वर्षं कामाला येतात.

आता उष्णता. आमचं सर्वांत जास्त काम इथेच आहे, आणि कंपन्यांनी नाशिकसारख्या गावांचा विचार सर्वांत कमी केलाय तोही इथेच. कूलिंगची चाचणी साधारण २५ अंशांच्या खोलीत होते असं धरू. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे हाताशी ७५ अंशांचा फरक उरतो. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या, पत्र्याखालच्या खोलीत ४० अंश असतात. फरक राहतो ६० चा. हीटसिंक बाहेर टाकू शकतो ती उष्णता या फरकाच्या प्रमाणात असते. म्हणजे तोच लॅपटॉप, तीच पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता नेणारा लेप), तेच पंखे, आणि ताकद एक पंचमांशाने कमी. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ, तेवढी पंख्याने ढकललेली हवा कमी उष्णता नेते. ‘मित्राचा लॅपटॉप मुंबईत एसीमध्ये ७८ ला चालतो, माझा ९५ ला का?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर एवढंच आहे.

उरलेलं निम्मं उत्तर धूळ आणि पेस्टमध्ये असतं. पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मधोमध कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून ब्लोअर मारला की तो आत जातो आणि पुन्हा तिथेच येऊन बसतो. पंखे सोडवून तो चिमट्याने उचलावा लागतो. ब्लोअर वापरायचाच तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा हवेने भलत्या वेगाने फिरतो आणि त्याची बेअरिंग खराब होते. काही मॉडेलमध्ये पंखा हीटसिंकच्याच पत्र्याला जोडलेला असतो. नुसता पंखा बदलायला अख्खा हीटसिंक उचलायचा, म्हणजे सगळी पेस्ट आणि सगळे पॅड (बाकीच्या चिप आणि हीटसिंक यांच्यामधले उष्णता नेणारे मऊ तुकडे) नवे. पंखा तीन स्क्रूंमध्ये सुटा झाला पाहिजे, आणि हीटसिंकच्या पात्यांवर बाहेरून उघडणारी छोटी खिडकी पाहिजे. जो भाग दर सहा महिन्यांनी साफ करावा लागतो तो सर्वांत खोल गाडून ठेवणं ही आमच्या मते या लॅपटॉपांतली सर्वांत मोठी चूक आहे.

पेस्टबाबत आमची पद्धत बदलली. लॅपटॉपच्या चिपवर झाकण नसतं, हीटसिंक थेट काचेसारख्या सिलिकॉनवर टेकतो. तापणं-निवणं चालू राहिलं की पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते आणि मध्ये कोरडा ठिपका उरतो. त्यामुळे आता आम्ही हनीवेलचं पीटीएम ७९५० हे फेज-चेंज शीट वापरतो. ते साधारण ४५ अंशांना मऊ होऊन पसरतं आणि थंड झालं की जागेवर थांबतं. शीट दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचं, म्हणजे त्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा न फाटता निघतो. चिपपेक्षा प्रत्येक बाजूने मिलिमीटरभर मोठा तुकडा कापायचा. चिप आधी ९९ टक्के आयसोप्रोपिलने पुसायची. हीटसिंकवर स्क्रूंचे क्रमांक कोरलेले असतात. त्याच क्रमाने, प्रत्येक फेरीत अर्धा आटा आवळायचा, आणि काढताना उलट क्रमाने. पहिल्या दिवशी तापमान फारसं उतरत नाही. चार-पाच वेळा तापून निवलं की खरा आकडा दिसतो.

मेमरी चिप आणि मॉसफेटवरच्या पॅडची जाडी मोजल्याशिवाय बदलू नये. मूळ पॅड १ मिलिमीटरचा असताना तिथे दीडचा टाकला, की हीटसिंक अर्धा मिलिमीटर उचलला जातो आणि मुख्य चिपवर टेकतच नाही. बाहेर ‘सर्व्हिसिंग’ झाल्यावर लॅपटॉप आधीपेक्षा जास्त तापतो, त्याचं कारण पुष्कळदा हेच निघतं. जाडीची खात्री नसेल तिथे थर्मल पुट्टी बरी, ती दाबली जाते. कंपन्यांना इतकंच सांगणं आहे की प्रत्येक पॅडची जाडी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापा.

लिक्विड मेटलबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: फिरत्या लॅपटॉपमध्ये ते नको. गॅलियमचा हा मिश्रधातू उष्णता उत्तम नेतो, पण वीजही नेतो आणि ॲल्युमिनियम खातो. दुचाकीवर पाठीला अडकवलेल्या बॅगेत लॅपटॉप उभा असतो, खड्ड्यांत हादरतो. भोवतीचा फोमचा बांध कुठे दबला तर थेंब शेजारच्या कपॅसिटरवर जातो. ज्यात ते मुळातच आहे त्याची आम्ही सर्व्हिस करतो. ज्यात नाही त्यात कुणी मागितलं तरी घालत नाही. कारखान्यातूनच फेज-चेंज शीट लावून आलं तर दोन-तीन अंशांचा तोटा सोसूनही यंत्र जास्त जगेल. आणि जाडी? २० मिलिमीटरच्या जागी २५ करा. पाच मिलिमीटरमध्ये जाड पंखे आणि उंच पाती बसतात. गेमिंग लॅपटॉप घेणारा माणूस तेवढं वजन उचलायला तयार असतो.

विजेचा हिशेब छोटा आहे, पण समजून घ्यावा असा. आरटीएक्स ५०९० च्या लॅपटॉप चिपला १७५ वॅटपर्यंत, प्रोसेसरला ५५-६५, वर स्क्रीन, पंखे, पोर्ट आणि बोर्डातली घट. म्हणून ३३० वॅटचा अॅडॅप्टर लागतो, १९.५ व्होल्टला जवळजवळ १७ अँपिअर. विमानात १०० वॅट-तासांवरची बॅटरी नेण्यावर निर्बंध आहेत, म्हणून भारी लॅपटॉपची बॅटरी ९९ वर थांबते. पूर्ण ताकदीत ती अर्धा तासही पुरणार नाही. तेव्हा ‘बॅटरीवर गेम अडकतो’ हा बिघाड नाही, ती रचनाच आहे. टाइप-सीचं सध्याचं प्रमाण ४८ व्होल्ट, ५ अँपिअर, म्हणजे २४० वॅटपर्यंत जातं. मधल्या गटातल्या लॅपटॉपांना ते पुरेल, आणि तिथे आम्हाला तेच हवंय: अॅडॅप्टर बिघडला तर महिनाभर वाट पाहावी लागू नये.

जुना गोल जॅक ठेवायचाच असेल तर तो वायरवर ठेवा, बोर्डावर सोल्डर करू नका. १७ अँपिअरला जरा ढिलाई आली की जॅक जळतो. काही कंपन्यांच्या जॅकमध्ये मधली पिन अॅडॅप्टरची ओळख सांगते. ती तुटली की लॅपटॉप अॅडॅप्टर ओळखत नाही, बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसर काही शे मेगाहर्ट्झवर बांधून ठेवतो. लोक विंडोज पुन्हा टाकतात, रॅम वाढवतात. दोष पिनेत असतो.

घरच्या अर्थिंगचंही इथेच सांगतो. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कनेक्टरमधून लावला की अॅडॅप्टरच्या फिल्टरमुळे लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर मुख्य विजेच्या निम्म्याइतकं व्होल्टेज येतं. करंट नगण्य, हाताला फक्त मुंग्या येतात. पण त्याच अवस्थेत चालू टीव्हीला एचडीएमआय जोडली तर पोर्टमागची चिप जाऊ शकते. आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो, आधी केबल जोडा, मग दोन्ही प्लग चालू करा, आणि अर्थिंग तपासून घ्या. आणि कंपन्यांकडून हवं ते असं की पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असावेत.

मेमरीबद्दल. रॅम बोर्डावर चिकटवण्याला वेगाचं कारण देतात, पण डिसेंबर २०२३ मध्ये मेमरीची प्रमाणं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने कॅम२ हे प्रमाण जाहीर केल्यापासून ते कारण राहिलेलं नाही. त्यात एकाच सपाट मॉड्यूलमध्ये मेमरीचे दोन्ही चॅनल (डेटाचे मार्ग) येतात, ते स्क्रूने बसतं आणि बदलता येतं. ग्राफिक्सच्या मेमरीत मात्र आम्हाला काहीच करता येत नाही, म्हणून ती विकत घेतानाच पुरेशी पाहिजे. २०२५ च्या आरटीएक्स ५०६० आणि ५०७० लॅपटॉपमध्ये ८ जीबीच मिळाली. रेंडरिंग करणाऱ्यांना ती आत्ताच अपुरी पडते. ५०९० मध्ये ३ जीबीच्या आठ चिप लावून २४ केली आहे. तशाच चार चिप ५०६०-५०७० सारख्या १२८ बिटच्या, म्हणजे चार चिप जोडणाऱ्या, ग्राफिक्सला लावल्या की १२ होते.

हिंज (झाकणाची बिजागरी) आणि कीबोर्ड ही रोजची कामं. हिंजचे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत जातात. शेजारूनच गरम हवा बाहेर पडते, प्लॅस्टिक ठिसूळ होतं, आणि झाकण एका कोपऱ्याने उघडायची सवय असेल तर नट उपटून येतो. आम्ही इपॉक्सीने बसवतो, टिकतंही, पण हिंज धातूच्या फ्रेमलाच लावला तर हे कामच उरणार नाही. कीबोर्ड प्लॅस्टिकच्या बारीक रिव्हेटांनी सी पॅनलला (कीबोर्डभोवतीच्या वरच्या पॅनलला) वितळवून जोडलेला असतो. चहा सांडला की प्रत्येक रिव्हेटचं डोकं ब्लेडने उडवायचं, नवा कीबोर्ड ठेवायचा, उरलेली खुंटी सोल्डरिंग आयर्नने चेपायची. दोन-तीन तासांचं काम, आणि मधली दोन बटणं तरी किंचित हलतात. स्क्रू लावा, बस्स.

बॅटरी सतत १०० टक्के भरलेली आणि तापलेली राहिली की फुगते. टचपॅड वर आल्यासारखा वाटला किंवा नीट दबेनासा झाला तर लॅपटॉप लगेच बंद करून आणा. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असते, घरी प्लगवरच चालवणाऱ्यांनी ती लावावी. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी बॅटरी सक्तीची होणार आहे. तेच मॉडेल इथेही यावं.

हे सगळं येईपर्यंत, दुकानात नवा लॅपटॉप निवडायला आलेल्यांना आम्ही चार गोष्टी बघायला सांगतो. नुसतं चिपचं नाव न बघता तिला किती वॅट मिळतात ते. त्याच नावाची चिप कमी वॅटमध्ये बरीच हळू चालते. रॅम सुटी आहे का, आणि एसएसडीचे दोन स्लॉट आहेत का. स्क्रीन थेट ग्राफिक्सला जोडणारा मक्स स्विच आहे का. आणि तळाचं झाकण काढल्यावरचा फोटो इंटरनेटवर शोधून पंखे स्वतंत्र निघतात का. झाकण उघडताना स्क्रू ज्या भोकातून निघाला त्याच जागी कागदावर ठेवावा. लांब स्क्रू छोट्या भोकात गेला तर तो सरळ वरच्या पॅनलला फुगा आणतो.