राखाडी ठोकळे आणि रणगाड्यांचे सुटे भाग

जोडणीच्या प्लास्टिक ठोकळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या लेगो कंपनीच्या २०१९ सालच्या ‘इम्पीरियल स्टार डिस्ट्रॉयर’ या संचाची लांबी ११० सेंटिमीटर आहे. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाच्या सुरुवातीला जे त्रिकोणी युद्धयान प्रेक्षकांच्या डोक्यावरून सरकत जाते आणि संपता संपत नाही, त्याची चित्रीकरणासाठी बांधलेली प्रतिकृती मात्र जेमतेम ९१ सेंटिमीटरची होती. म्हणजे दिवाणखान्यात ठेवायचे खेळणे ज्या यानावरून बेतले, त्या मूळ यानापेक्षा ते वीतभर लांब आहे. ही गोष्ट समजल्यापासून लेगोच्या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या संचांकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. हे संच एखाद्या काल्पनिक यानाच्या प्रतिकृती आहेत असे आपण धरून चालतो. खरे पाहता त्या प्रतिकृतींच्या प्रतिकृती आहेत, आणि मूळ प्रतिकृतीही खेळण्यांतूनच जन्मलेल्या होत्या.

जॉर्ज लुकास यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथील एका गोदामात ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ ही संस्था उभी केली, तेव्हा तिथल्या प्रतिकृतिकारांपुढे वेळ आणि पैसा या दोन्हींची चणचण होती. अवकाशयान अजस्र वाटावे यासाठी त्याच्या पृष्ठभागावर अतिशय बारीक तपशील हवा असतो, कारण डोळा मोठेपणाचा अंदाज बांधतो तो त्या तपशिलावरूनच. असा प्रत्येक तपशील हाताने घडवत बसणे शक्य नव्हते. त्यामुळे त्यांनी दुकानात मिळणारे रणगाड्यांचे, लढाऊ विमानांचे, शर्यतीच्या गाड्यांचे प्लास्टिकचे जोडणीसंच खोक्यांनी विकत आणले आणि त्यांतले सुटे भाग यानांच्या अंगावर चिकटवले. रणगाड्याच्या चाकांची चौकट उलटी लावली की ती अणुभट्टीच्या नळ्यांसारखी दिसू लागते, हे ज्याला सुचले त्याला माझा नमस्कार. कोणताही उपयोग नसलेल्या, केवळ गुंतागुंत दाखवणाऱ्या या तुकड्यांना तिथे ‘ग्रीब्ली’ म्हणू लागले. त्यापासून झालेला ‘ग्रीबल’ हा शब्द आज लेगोचे चाहते उठता-बसता वापरतात.

विशेष म्हणजे युद्धाचा हा धागा केवळ सुट्या भागांपुरता नव्हता. अवकाशातल्या चकमकींची दृश्ये तयार होईपर्यंत लुकास यांनी त्या जागी दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या झुंजींचे तुकडे जोडून ठेवले होते, आणि पुढे यानांच्या हालचाली त्या तुकड्यांबरहुकूम बेतण्यात आल्या. पडद्यावर दिसणारे दूरच्या आकाशगंगेतले युद्ध दिसायला आणि बांधायला असे दोन्ही अर्थांनी विसाव्या शतकातल्या युद्धाच्या सामानातून उभे राहिले होते.

आता डेन्मार्कमधील बिलुंड या गावी जाऊ. ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली सुरू केलेल्या लेगो कंपनीने आजच्या रचनेच्या ठोकळ्याचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल केले. मुलांच्या हाती आधुनिक युद्धाची खेळणी द्यायची नाहीत, हा कंपनीचा जुना दंडक. तलवारी आणि भाले चालत, कारण ते इतिहासजमा झाले होते. रणगाडे आणि मशीनगन चालत नसत. १९७८ साली कंपनीने बाजारात आणलेला मध्ययुगीन किल्ला चक्क पिवळ्याधमक ठोकळ्यांचा होता. भिंतींना राखाडी ठोकळे दिले तर मुले त्यांतून रणगाडे बांधतील ही धास्ती त्यामागे होती, असे संग्राहकांत नेहमी सांगितले जाते. मात्र त्याच वर्षीच्या अवकाश मालिकेत राखाडी ठोकळे होतेच, त्यामुळे या कथेवर मी अर्धाच विश्वास ठेवतो. दंडक मात्र खरा होता आणि आजही आहे: २०२० साली ऑस्प्रे या विमानाचा संच, त्याला बचाव पथकाचे रूप दिलेले असूनही, ऐन विक्रीच्या तोंडावर मागे घेण्यात आला, कारण ते विमान प्रत्यक्षात लष्कराच्याच वापरात आहे याकडे जर्मनीतील शांततावादी संघटनेने लक्ष वेधले होते.

अशा कंपनीत ज्याच्या नावातच युद्ध आहे अशा चित्रपटाची खेळणी काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बिलुंडमधील वरिष्ठांनी कपाळाला आठ्या घातल्या यात नवल नाही. अमेरिकेतील व्यवसाय सांभाळणारे पीटर आयो यांनी प्रस्ताव लावून धरला, तेथील पालकांची मते अजमावली आणि मग जर्मनीतल्या पालकांचीही अजमावली, कारण खेळण्यांच्या बाबतीत जर्मन ग्राहक सर्वांत सनातनी असे बिलुंडमध्ये समजले जाई. दोन्हीकडचा कौल अनुकूल आला आणि संस्थापकांचे नातू केल्ड कर्क क्रिस्तियानसेन यांनी होकार दिला. १९९९ साली पहिले संच दुकानात आले. दुसऱ्याच्या कथेवर आधारलेली लेगोची ही पहिलीच मोठी मालिका. तरीही जुना संकोच लगेच गेला नाही. सुरुवातीच्या संचांत सैनिकांच्या हाती बंदूक म्हणून दिलेला तुकडा म्हणजे शहर मालिकेतला छोटासा कर्णा होता, आणि खास या मालिकेसाठी घडवलेली बंदूक २००७ साली आली. तोवर चित्रपटातल्या खलनायकी साम्राज्याचे शिपाई आपल्या शत्रूंवर, निदान माझ्या नजरेला, घोषणाच देत होते.

खरी मौज आहे ती बांधणीच्या गणितात. लेगोच्या ठोकळ्याच्या माथ्यावर ज्या गोल खुंट्या असतात, त्यांतल्या दोन खुंट्यांमधले अंतर ८ मिलिमीटर असते, पूर्ण ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर असते आणि ‘प्लेट’ नावाच्या पातळ तुकड्याची उंची त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. पाच प्लेटा एकावर एक रचल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि दोन खुंट्यांची रुंदीही तितकीच भरते. या एका समीकरणामुळे ठोकळे आडवे वळवून भिंतीवर बसवता येतात आणि तरी सांधे अचूक जुळतात. खुंट्या वर न ठेवता बाजूला किंवा खाली वळवण्याची ही पद्धत नसती, तर या मालिकेतले एकही यान पायऱ्यापायऱ्यांचे दिसण्यावाचून राहिले नसते. एक्स-विंग या लढाऊ यानाचे चार पंख उघडण्यासाठी काही संचांत साध्या रबरबँडचा ताण वापरला आहे. २००२ सालच्या स्टार डिस्ट्रॉयरच्या तिरक्या, अवजड पत्र्यांना सांगाड्याशी धरून ठेवायला तर चक्क लोहचुंबक होते. असा संच बांधताना माझा सगळा वेळ आतला सांगाडा न्याहाळण्यात जातो, आणि बाहेरचे पत्रे चढले की त्यातले काहीच दिसत नाही याची दर वेळी हळहळ वाटते.

बाहेरच्या पत्र्यांवर येतात ते ग्रीबल. येथे लेगोचे रचनाकार व्हॅन नाइसच्या प्रतिकृतिकारांच्या अगदी शेजारी येऊन बसतात. नळाची तोटी, दुर्बीण, सोन्याची वीट, रोलर स्केट असे दुसऱ्याच कामासाठी घडवलेले तुकडे यानाच्या अंगावर बसले की ती यंत्रसामग्री वाटू लागते. त्या काळच्या कारागिरांनी रणगाड्याचे भाग फोडून जे केले, तेच येथे मुलांच्या स्वयंपाकघरातले आणि बागेतले तुकडे वापरून होते. इतर चित्रपटांतली कितीतरी याने ठोकळ्यांत ओबडधोबड दिसतात आणि हीच शोभतात, याचे कारण मला तरी हेच वाटते: ती मुळातच जोडणीसंचांच्या तुकड्यांची आहेत.

याचा सर्वांत सुंदर दाखला म्हणजे चित्रपटातल्या नायकांचे यान ‘मिलेनियम फाल्कन’. २००७ साली ५,१९५ तुकड्यांचा मोठा फाल्कन आला आणि २०१७ साली ७,५४१ तुकड्यांचा, ८०० डॉलर किमतीचा. हा दुसरा हान्स बुर्कहार्ड श्ल्योमर यांनी रचला. त्याची लांबी सुमारे ८४ सेंटिमीटर आहे. १९८० सालच्या दुसऱ्या चित्रपटासाठी फाल्कनची जी लहान प्रतिकृती बांधली गेली, ती ३२ इंचांची, म्हणजे ८१ सेंटिमीटरची होती. दोन्ही जवळजवळ सारख्याच मापाच्या असल्यामुळे त्या प्रतिकृतीचे छायाचित्र शेजारी ठेवून एकेक नळी, एकेक खाच ताडून पाहता येते. घरच्यांना हा उद्योग रिकामटेकडा वाटतो, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही.

संग्राहकांच्या मनात अजून सलणारा एक विषय म्हणजे रंग. २००४ च्या सुमारास कंपनीने आपला जुना, किंचित पिवळट झाक असलेला राखाडी रंग बंद करून निळसर राखाडी आणला. बदल डोळ्यांना जेमतेम जाणवणारा. पण ज्या मालिकेत बहुतेक याने राखाडीच आहेत तिच्या चाहत्यांना तो फार लागला. जुन्या यानाचा हरवलेला पत्रा नव्या ठोकळ्यांतून भरून काढला की ते ठिगळ लांबूनही उठून दिसते. कंपनीच्या बाजूने बोलायचे तर नवा रंग शेजारच्या पांढऱ्या-काळ्याशी चांगला जमतो. मला स्वतःला मात्र जुनाच रंग चित्रपटातल्या मळकट, वापरून झिजलेल्या यानांना अधिक जवळचा वाटतो.

२०२५ साली ९,०२३ तुकड्यांचा, १,००० डॉलर किमतीचा ‘डेथ स्टार’, म्हणजे चित्रपटातल्या साम्राज्याचे अवाढव्य गोल युद्धस्थानक, निघाला. तो गोलाचा उभा काप आहे: समोरून पाहिले की दालने, जिने, पात्रे असा सगळा संसार दिसतो आणि मागे सपाट पाठ. पात्रांची हौस असणाऱ्यांना तो आवडेल. मला मात्र त्यात पृष्ठभागच हरवल्यासारखा वाटतो. मूळ चित्रपटात या गोलाचा पृष्ठभाग मोजक्या साच्यांतून काढलेल्या पट्ट्या वेगवेगळ्या दिशांनी वळवून, पुन्हापुन्हा मांडून तयार केला होता आणि त्याचे चित्रण गोदामाबाहेर, गाड्या लावण्याच्या जागेत, भर उन्हात झाले होते. २००५ सालच्या ३,४४१ तुकड्यांच्या ‘डेथ स्टार २’ मध्ये तोच पृष्ठभाग होता, अर्धवट बांधलेला, भगदाडांतून आतला सांगाडा दाखवणारा, आणि त्यात एकही पात्र नव्हते. दोहोंतून एक निवडायचे झाले तर मी तोच निवडीन. तो आता फक्त जुन्या संचांच्या बाजारात मिळतो, आणि घेण्यापूर्वी वक्र पट्ट्यांचे सांधे नीट तपासावे लागतात, कारण तेथे एक तुकडा कमी असला तरी सगळा गोल एका बाजूला कलतो.