व्हायलमधला वरचा ०.१ मिली

सुट्टीला घरी आलो की पहिल्याच पहाटे कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचं, हा आमच्या घरचा रिवाज. म्हैस समोर उभी आणि धार थेट ग्लासात. यंदा आत्ती सोबत होती. तिनं तीस वर्षं नर्सचं काम केलं, आता नव्या पोरींना शिकवते. ग्लासात फेस वरपर्यंत आला होता. तो बसेपर्यंत ती थांबली आणि गवळ्याला म्हणाली, "अजून घाल की रं, फेसाचं पैसं देऊ व्हय?" त्यानं आणखी धार सोडली. मग माझ्याकडं वळली. "तुमच्या इंजेक्शनच्या बाटलीत मात्र न मागता जादा असतंय. लेबलावर १ मिली, ओढलं की जरा जास्तच येतंय. ते का?"

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराजवळच्या एका कारखान्यात गेली सहा वर्षं मी हेच काम करतो, निर्जंतुक औषध व्हायलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटलीत, भरायचं. त्यामुळं तिथं उभ्या उभ्या सांगितलेलं इथं जरा सविस्तर लिहितो.

लेबलावरचा आकडा बाटलीत किती आहे ते सांगत नाही, सुईनं किती काढता येईल ते सांगतो. थोडं औषध काचेला चिकटतं, थोडं रबरी बुचाखाली अडकतं, थोडं सुईच्या मुळाशी राहतं. नेमकं १ मिली भरलं तर पेशंटला १ मिली कधीच मिळणार नाही. म्हणून अमेरिकन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या मानकांच्या ग्रंथात, जादा भरण्याचं कोष्टक दिलंय. पाण्यासारख्या पातळ औषधात १ मिलीला ०.१०, २ मिलीला ०.१५, ५ मिलीला ०.३० आणि १० मिलीला ०.५० मिली वर. दाट औषध जास्त चिकटतं, म्हणून तिथं १ मिलीला ०.१५ आणि ५ मिलीला ०.५०.

मग सढळ हातानं भरलं तर बिघडलं कुठं? दुधात चालतं, औषधात नाही. घाईत कुणी बाटलीतलं सगळंच ओढलं तर डोस वाढतो. उरलेलं जास्त दिसलं की ते दुसऱ्या पेशंटला वापरायचा मोह होतो, आणि एका डोसच्या व्हायलमध्ये सहसा जंतू रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. एकदा सुई गेली की ती बाटली त्या एकाच माणसाची. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनं २०१५ मध्ये यावर वेगळं मार्गदर्शन काढलं. त्यात जादा किती भरायचं आणि बाटलीचा आकार किती ठेवायचा, या दोन्हींचा विचार आहे.

आमच्या लाइनवर हे आकारमान वजनावरून कळतं. रिकामी व्हायल तोलायची, भरून पुन्हा तोलायची, फरकाला घनतेनं भागायचं. घनता १.०५ असेल तर १.१ मिलीचं वजन १.१५५ ग्रॅम यायला हवं. एका रात्रपाळीत हे वजन हळूहळू उतरायला लागलं. पंपाची नळी तासन्‌तास दाबली जाऊन थकली होती. साध्या कारखान्यात कुणीही झाकण उघडून नळी बदलेल. आमचं औषध भरल्यावर उकळता येत नाही, उष्णतेनं ते खराब होतं. म्हणून जे निर्जंतुक ठेवायचं ते भरतानाच. आत घातलेला प्रत्येक हात, मग तो आयसोलेटरच्या, म्हणजे भरण्याच्या बंद निर्जंतुक पेटीच्या, हातमोज्यातून का असेना, धोकाच. पंपाची मात्रा बाहेरूनच दुरुस्त केली, आणि वजन मर्यादेखाली गेल्यापासूनच्या सगळ्या व्हायल बाजूला काढून टाकल्या. त्या फेकताना जीव तुटला. औषध महाग होतं, कुणाच्या तरी कामाचं होतं. पण लेबल १ मिली सांगतं आणि सुईत ०.९६ येतं, ही त्या पेशंटची फसवणूक. मापात पाप नको, हे आमच्या घरी लहानपणापासून ऐकलंय.

आत्तीला तपासणीची पद्धत फार आवडली. ३ मिली किंवा त्याहून लहान व्हायल असेल तर पाच घ्यायच्या. प्रत्येकीतलं औषध कोरड्या सिरिंजनं ओढायचं, हवेचे बुडबुडे काढायचे, मग मोजायचं. पाचांची सरासरी काढून भागत नाही, प्रत्येकीतून लेबलाइतकं निघालंच पाहिजे.

"म्हणजे बुडबुडा काढायचा, आणि फेस बसू द्यायचा," ती म्हणाली. दूध संपवून तिनं पिशवीतून पेन काढलं. "१० मिलीला किती म्हणालास?"

"अर्धा मिली."

पुडीच्या कागदावर तिनं ते लिहून घेतलं, सोमवारी पोरींना सांगायला.