गच्चीतलं अळू आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू
आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आधी फक्त पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेले पापड असायचे, आता मेथी, टोमॅटो, अळू सगळं आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली ते वाचलं आणि आम्हीपण लागलो. माती कमीच, रसवंतीवरची चिपाडं आणि पालापाचोळा जास्त, म्हणजे स्लॅबवर वजन येत नाही. पहिल्यांदा नुसतं खरकटं टाकलं तर असला वास सुटला ना, विचारू नका, मग कळलं सुका पाला भरपूर लागतो. आता मधमाश्या येतात, वरच्या मजल्यावरची घरं जरा कमी तापतात, आणि ज्या काकू पार्किंगवरून दोन वर्षं बोलत नव्हत्या त्यांनी परवा स्वतःहून अळूची पानं मागितली, संध्याकाळी वड्यांचा डबापण आला!